सालिम अलींची नोंदवही आणि मराठवाड्याची पाखरे

परभणी : एखाद्या माळावरून पाखरू नाहीसे झाले, असे म्हणायचे तर ते तेथे पूर्वी होते याचा पुरावा लागतो. मराठवाड्यासह तत्कालीन हैदराबाद संस्थानात असा पुरावा पद्धतशीरपणे गोळा करण्याचे काम ज्यांनी केले, ते थोर पक्षीतज्ज्ञ म्हणजे डॉ. सालिम अली.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. आई-वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या, गळ्यावर पिवळा डाग असलेल्या एका चिमणीची ओळख पटवण्यासाठी हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तेथेच त्याच्या आयुष्याला दिशा मिळाली.

पुढची वाट मात्र खडतर होती. विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी पक्षीतज्ज्ञाचे पद हुकले. बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिक्षण घेऊन १९३० मध्ये ते परतले, तेव्हा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागाच रद्द झाली होती. अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला. मग संस्थानांपुढे त्यांनी एक प्रस्ताव ठेवला : प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च द्या, पक्ष्यांचे सर्वेक्षण विनावेतन करतो.

हैदराबाद संस्थानाने तो मान्य केला. परभणी जिल्हा त्या काळी निजामाच्या याच राज्यात होता. १९३१-३२ मध्ये झालेल्या या भटकंतीत पत्नी तहमिना त्यांच्या सोबत होत्या. कोणता पक्षी कोठे, कोणत्या तारखेला, कशा परिसरात आढळला, याची शिस्तबद्ध नोंद झाली. त्या काळच्या रीतीप्रमाणे पक्षी मारून नमुनेही जमवले गेले. हा अहवाल १९३३-३४ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाला.

तहमिना यांचे १९३९ मध्ये अकाली निधन झाले, तरी काम थांबले नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक आले. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला. माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. १९७६ मध्ये पद्मविभूषणने गौरवलेल्या या अभ्यासकाने २० जून १९८७ रोजी जगाचा निरोप घेतला.

दख्खनच्या माळरानांवर एकेकाळी वावरणारा माळढोक आज महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासा झाला आहे. हे ठामपणे म्हणता येते, कारण तो पूर्वी कोठे दिसत होता, हे कुणीतरी लिहून ठेवले. २०२३ मधील देशव्यापी पक्षी अहवालात सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला. आता बंदुकीची गरज उरलेली नाही. दुर्बीण आणि वही पुरेशी आहे. येलदरीच्या जलाशयावर किंवा गोदाकाठी दिसलेला पक्षी तारीख-वेळेसह आज टिपला, तरच आणखी नव्वद वर्षांनी येथील पाखरांचा हिशेब मांडता येईल.