सुलतानाचे स्वप्न लिहिणारी गृहिणी



स्मरणिकेसाठी यंदा तुम्ही लेख द्याच, असा आपल्या चिटणीसबाईंनी आग्रह धरला तेव्हा मी नाहीच म्हणत होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा नदीपलीकडच्या गावी होती, आणि पावसाळ्यात मुलीच्या जातीने नदी ओलांडून जायचे कसे, या एका प्रश्नापाशी माझे दप्तर खुंटीला लागले ते लागलेच. त्यानंतरचे माझे लिखाण म्हणजे वाण्याची यादी आणि भिशीचा हिशेब. स्मरणिकेतही आजवर मी पाककृतीच दिल्या. परंतु गेल्या वर्षी एका बाईंची हकीकत माझ्या कानावर आली आणि ती मनातून काही केल्या जाईना. म्हणून हे धाडस.

माझी मोठी लेक कॉलेजात शिकते. तिला अभ्यासाला एक इंग्रजी गोष्ट होती, अवघ्या दहा-बारा पानांची. दोन दुपारी मी तांदूळ निवडीत बसले आणि तिने ती मला मराठीतून सांगितली. गोष्टीचे नाव सुलतानाचे स्वप्न. ती 1905 साली मद्रासच्या एका स्त्रियांच्या इंग्रजी मासिकात छापून आली, आणि लिहिणारी बाई बंगाली मुसलमान घराण्यातली, गोषात वाढलेली, शाळेचे तोंडही न पाहिलेली. विज्ञानकथा म्हणजे पुरुषांचा आणि तोही फार शिकलेल्यांचा प्रांत, असे मी धरून चालले होते. आपल्याकडे जयंतराव नारळीकरांच्या गोष्टी घरोघरी वाचल्या गेल्या, ते तर केवढे शास्त्रज्ञ! पण लेकीने सांगितले की या प्रकारातली एक अगदी आरंभीची आणि गाजलेली कादंबरी, फ्रँकेन्स्टाइन, मेरी शेली या इंग्रज बाईने अठराव्या वर्षी लिहायला घेतली आणि ती 1818 साली निघाली. पुढे फ्रान्सचे व्हर्न आणि इंग्लंडचे वेल्स यांनी चंद्रावर, समुद्राच्या तळाशी, पुढच्या काळात अशा सफरी घडविल्या. बंगाल्यात तर खुद्द जगदीशचंद्र बोस यांनी 1896 साली अशी एक गोष्ट लिहिली, आणि तिला बक्षीस दिले ते केसांचे तेल विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने! त्या गोष्टीत समुद्रात तेलाची बाटली ओतून वादळ शमवितात. मला तर फार गंमत वाटली. असो. सांगायचे आहे ते रोकेयाबाईंविषयी.

बेगम रोकेया यांचा जन्म 1880 साली रंगपूर जिल्ह्यातल्या पायराबंद गावी झाला. ते गाव आता बांगलादेशात आहे. वडील जमीनदार, स्वतः अनेक भाषा जाणणारे, पण मुलींना कुराण आणि थोडे उर्दू याच्यापलीकडे काही शिकू द्यायचे नाही असा घरचा शिरस्ता. गोषा तर असा कडक की पाचव्या वर्षापासून परक्या बायकांपुढेही यायचे नाही. एकदा पाहुण्यांच्या घरच्या दोन दासी घरात आल्या, तर या चिमुरडीला पहाटेच उचलून माळ्यावरच्या खोलीत नेऊन ठेवीत. मोडक्या खाटेखाली श्वास धरून दिवसच्या दिवस पडून राहायचे. भुकेची, तहानेची आठवण कुणाला? घरातला एक लहानगा भाचाच काय तो खेळता खेळता वर येई आणि काहीबाही आणून देई. हे सारे पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ऐकताना माझ्या हातातले सूप तसेच राहिले.

थोरली बहीण करीमुन्निसा. तिला बंगाली वाचायची ओढ. चोरून वाचताना ती सापडली आणि लवकरच तिचे लग्न उरकण्यात आले. तरीही धाकट्या बहिणीला बंगालीची गोडी लावली ती तिनेच. आणि इंग्रजी शिकविले ते थोरल्या भावाने, इब्राहिमने. रात्री वडील निजले, घर शांत झाले, की मेणबत्ती लावून भाऊ-बहीण पुस्तक उघडीत. पुढे रोकेयाबाईंनी आपली पद्मराग ही कादंबरी या भावालाच अर्पण केली. असा एखादा भाऊ प्रत्येकीला असता तर, असे मनात आले खरे. माझ्या भावाचा मी दोष काढीत नाही, तो माझ्याहून लहान होता.

विशीच्या आतच त्यांचे लग्न झाले. यजमान सखावत हुसेन हे बिहारात भागलपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट, वयाने बरेच मोठे, बिजवर, आधीच्या घरची एक मुलगी. आपण मनात म्हणू, बिचारीचे नशीब. पण हा माणूस निराळा निघाला. त्यांनी बायकोचे इंग्रजी वाढविले, तिला लिहायला लावले, आणि मुलींच्या शाळेसाठी पैसा बाजूला टाकावा हा विचार दोघांनी मिळून केला. दोन मुली झाल्या, त्या तान्हेपणीच गेल्या. याविषयी मी अधिक लिहीत नाही. ज्या घरात पाळणा रिकामा होतो तिथली दुपार कशी असते हे आपल्यातल्या काहीजणींना ठाऊक आहे.

यजमान दौऱ्यावर गेले होते. दोन दिवस घरी एकट्या, करायला काही नाही, तेव्हा वेळ जावा म्हणून त्यांनी ही गोष्ट लिहिली. यजमान परत आले, कागद हातात घेतला आणि उभ्या उभ्याच सारी गोष्ट वाचून काढली. बायकोने पुरुषजातीवर चांगलाच सूड उगवला आहे, असे त्यांना वाटले. पण रागावले नाहीत. इंग्रजी बरोबर आहे का म्हणून एका गोऱ्या साहेबाला दाखविली, आणि छापायला पाठविली.

आता गोष्ट सांगते. सुलताना संध्याकाळी आरामखुर्चीत पडून हिंदुस्थानातल्या बायकांच्या स्थितीचा विचार करते आहे. डोळा लागतो. एक मैत्रीण येऊन तिला बाहेर फिरायला नेते. पाहते तो रस्त्यावर सगळ्या बायकाच! सुलतानाला लाज वाटते, पदर शोधते, तर येणाऱ्या-जाणाऱ्या बायका हसून म्हणतात की ही पुरुषांसारखी लाजते. कारण या देशात पुरुष घरात, पडद्याआड, आणि राज्य, शाळा, प्रयोगशाळा सारे बायकांकडे. राणीने कायदाच केला आहे की प्रत्येक मुलीने शिकले पाहिजे आणि एकवीस वर्षांच्या आत कुणाचे लग्न करायचे नाही. हे लिहिणाऱ्या बाईचे स्वतःचे लग्न विशीच्या आत झालेले, हे ध्यानात घ्या.

तिथे बायकांची दोन विद्यापीठे. एकीने ढगांतून नळीवाटे पाणी उतरवून घ्यायची युक्ती काढली, त्यामुळे पूर नाही, दुष्काळ नाही. दुसरीने सूर्याची उष्णता साठवायचे यंत्र काढले. पुरुष तेव्हा सैन्य वाढविण्यात गुंतलेले, ते हसले. पुढे शत्रू चालून आला, पुरुष हरून परतले. तेव्हा बायकांनी आधी त्यांना अंतर्गृहात पाठविले, आणि दोन हजार विद्यार्थिनींनी साठविलेले ऊन शत्रूवर सोडून त्याला पळवून लावले. रक्ताचा थेंब न सांडता मिळवलेला तो विजय. पुरुष जे आत गेले ते आतच राहिले. विजेवर चालणारी हवागाडी आहे, शेती विजेने होते आहे. आणि स्वयंपाकघर! तिथे धूर नाही, कोळसा नाही, काजळी नाही. उन्हाची उष्णता नळीने येते आणि अन्न शिजते.

इथे मी लेकीला थांबविले आणि ते पुन्हा सांगायला लावले. माझ्या आईचे डोळे चुलीच्या धुराने गेले. फुंकणी तोंडाला लावून पाणावलेली तिची मुद्रा हीच तिची माझ्या मनातली तसबीर. त्या काळात घरोघर तेच असणार. पण धुराचा कंटाळा येणे निराळे आणि धुराशिवाय स्वयंपाक होऊ शकेल, तो असा असा होईल, हे डोळ्यांपुढे उभे करणे निराळे. काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळात सूर्यचुलीचे प्रात्यक्षिक झाले होते, आठवते ना? खिचडी व्हायला दुपार झाली आणि आपण चेष्टा केली. भाकरी काही नळीच्या उष्णतेवर फुगायची नाही, हे मी आजही म्हणेन. पण विज्ञानकथेची मोहिनी मला तेव्हा समजली. तिथे परी येऊन जादूची कांडी फिरवीत नाही. कुणीतरी बसून, डोके चालवून, यंत्र काढते. म्हणजे ते आपल्यालाही काढता आले असते, शिकलो असतो तर! याच बाईंनी सुगृहिणीवर एक निबंध लिहिला आहे, त्यातही त्यांचे म्हणणे असे की स्वयंपाक, आजारपण, मुलांचे संगोपन नीट करायचे तर बाईला रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र यांची माहिती हवी.

सर्व पुरुषांना कोंडून घालणे मात्र मला पटले नाही. माझ्या यजमानांना गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, चालेल, पण आत गेल्यावर चहा कोण देणार? त्यांना तेवढेच सुचले. त्या देशात तो पुरुषांनाच करावा लागतो!

1909 साली सखावत हुसेन वारले. आधी पुष्कळ आजारीपण झाले, दृष्टी गेली होती, सेवा रोकेयाबाईंनीच केली. शाळेसाठी दहा हजार रुपये ते ठेवून गेले. पाचच महिन्यांत भागलपूरला पाच मुलींची शाळा निघाली. पण घरच्या वादामुळे त्यांना ते गाव सोडावे लागले. कलकत्त्यात 1911 च्या मार्चमध्ये एका गल्लीतल्या लहानशा घरात पुन्हा आरंभ केला, आठ मुली आणि दोन बाके. शाळा कशी भरते, तास कसे घेतात हे स्वतः कधी पाहिलेले नाही, म्हणून ब्राह्मो आणि हिंदू मुलींच्या शाळांत जाऊन पाहून आल्या. मग घरोघर जाऊन मुली मागायच्या. गोषा मोडणार नाही अशी हमी द्यायची तेव्हा मुलगी मिळायची.

आणि इथेच मला त्या अधिक जवळच्या वाटल्या. जिने हवागाडी लिहिली तिच्या शाळेच्या मोटारीची हकीकत ऐका. मुलींना न्यायला मोटार घेतली ती सर्व बाजूंनी बंद, जाळीची लहानशी फट काय ती उघडी. पहिल्याच दिवशी मुली गुदमरल्या, काही बेशुद्ध पडल्या, कुणाला ओकाऱ्या झाल्या. मग खिडक्या उघडून त्यांना रंगीत पडदे लावले. तर दमदाटीची पत्रे आली, की वाऱ्याने पडदे उडतात आणि गोषा मोडतो, हे थांबले नाही तर बोभाटा करू. इकडे आड तिकडे विहीर. स्वतः रोकेयाबाई बुरखा घेऊनच वावरल्या. माझी लेक म्हणाली, आई, हे दुटप्पी नाही का झाले? लिहायचे एक आणि वागायचे एक?

मी तिला आपल्या मंडळाची गोष्ट सांगितली. आपण हे मंडळ पहिल्यांदा हळदीकुंकवाच्या नावाने जमवले. वाचन, बचत, कायद्याची माहिती, यातले काही घरी सांगितले असते तर निम्म्याजणी उंबरठ्याबाहेर पडल्या नसत्या. मी स्वतः तीन वर्षे सासूबाईंना भजन आहे असे सांगून येत होते. भजन व्हायचेही, शेवटी एक. तो पडदाच होता मोटारीचा. लेक गप्प बसली, पण तिला पटले असे मला वाटले नाही. तिच्या वयाला पटू नये हेही बरोबरच आहे.

रोकेयाबाईंनीही 1916 साली कलकत्त्यात मुसलमान स्त्रियांचे मंडळ काढले होते. विधवांना मदत, गरीब मुलींची लग्ने, वस्त्यांत जाऊन लिहावाचायला शिकविणे अशी कामे. एक बाई फार आर्जवाने सभेला आणली, ती घरी जाऊन म्हणाली म्हणे, सभेला गेले खरी, पण सभा काही कुठे दिसली नाही. आपल्याकडेही असे झाले आहे, नाव सांगत नाही.

शाळा वाढत वाढत हायस्कूल झाली. 1930 साली, म्हणजे गोष्ट लिहिल्यानंतर पंचवीस वर्षांनी, पन्नाशीच्या रोकेयाबाई एका तरुण बंगाली मुसलमान वैमानिकाबरोबर खरोखरीच्या विमानात बसल्या आणि सुमारे पन्नास मैल हिंडून आल्या. त्याविषयी त्यांनी लेखही लिहिला. गोष्ट लिहिली तेव्हा आपल्या देशात विमान कुणी पाहिलेही नव्हते. गोष्टीतली सुलताना हवागाडीतून घसरून पडते आणि जागी होते. त्या मात्र सुखरूप खाली उतरल्या.

1932 च्या 9 डिसेंबरला पहाटे त्यांचे निधन झाले. आदल्या रात्री उशिरापर्यंत त्या लिहीत होत्या. टेबलावर स्त्रियांच्या हक्कांविषयीचा अर्धा लेख तसाच राहिला. बांगलादेशात तो दिवस त्यांच्या नावाने पाळतात. त्यांची शाळा कलकत्त्यात अजून भरते, यजमानांचेच नाव तिला आहे.

माझा हा लेख लेकीने तपासून दिला. ऱ्हस्व-दीर्घाच्या एकतीस चुका निघाल्या. वहीतल्या त्या तांबड्या खुणा मी पुसल्या नाहीत.