मोटारसायकलचे अनिच्छुक जनक : गॉटलिब डेमलर

मोटारसायकलचा जनक म्हणून ज्यांच्या नावाची इतिहासात नोंद झाली, त्या गॉटलिब डेमलर यांना मोटारसायकल बनवायचीच नव्हती. त्यांना हवे होते लहान, हलके आणि वेगाने फिरणारे इंजिन. ते चालते की नाही, हे पाहण्यापुरती त्यांनी एक लाकडी दुचाकी तयार केली. काम झाल्यावर तिच्याकडे पाठ फिरवली ती कायमची.

जर्मनीतील शोर्नडॉर्फ या गावी १७ मार्च १८३४ रोजी एका बेकरीवाल्याच्या घरी डेमलर यांचा जन्म झाला. बंदुका बनविण्याची कारागिरी शिकून ते यंत्रविद्येकडे वळले. रॉयटलिंगन येथील एका अनाथालयाच्या कारखान्यात असताना विल्हेल्म मायबाख हा तिथेच वाढलेला, आराखडे काढण्यात निष्णात असलेला तरुण त्यांच्या नजरेस पडला. ही सोबत डेमलर यांच्या मृत्यूपर्यंत टिकली. कल्पना डेमलर यांची आणि कागदावर उतरविणारा हात मायबाख यांचा, असा हा संसार होता.

१८७२ पासून दोघे कोलोनजवळच्या डॉइट्झ कारखान्यात होते. निकोलाउस ऑटो यांचे प्रसिद्ध चार-स्ट्रोक इंजिन १८७६ मध्ये इथेच साकारले. पण ते अवजड, गॅसवर चालणारे आणि एका जागी खिळलेले होते. मिनिटाला त्याचे फेरे दोनशेच्याही आत. ऑटो यांच्याशी खटके उडाल्यावर १८८२ मध्ये डेमलर बाहेर पडले आणि स्टुटगार्टजवळच्या कान्श्टाटमधील आपल्या बागेतल्या काचघरात त्यांनी कार्यशाळा थाटली. तिथे इतकी गुप्तता पाळली जाई, की खोटी नाणी पाडली जात असल्याच्या संशयावरून पोलिसांनी छापा घातल्याचे सांगतात. सापडली ती फक्त अवजारे!

सिलिंडरमधील इंधन पेटविण्यासाठी डेमलर व मायबाख यांनी बाहेरून ज्योतीने लालभडक तापविलेली नळी वापरली. त्यामुळे फेरे मिनिटाला सहाशेपर्यंत पोहोचले. हेच अर्ध्या अश्वशक्तीचे इंजिन त्यांनी लाकडी सांगाड्याच्या दुचाकीत, थेट आसनाखाली बसविले. २९ ऑगस्ट १८८५ ही त्या पेटंटची तारीख. वाफेवरच्या दुचाक्या आधी झाल्या होत्या, पेट्रोलवरची मात्र ही पहिलीच. तिला बाजूंना दोन आधारचाके होती, म्हणून तिला दुचाकी मानू नये असे काही जण म्हणतात. पण आधाराची चाके लावली म्हणून लहान मुलाच्या सायकलला कोणी चारचाकी म्हणत नाही. त्या नोव्हेंबरात डेमलर यांच्या मुलाने ती कान्श्टाटहून शेजारच्या उंटरट्युर्कहाइमपर्यंत नेली, असे सांगितले जाते. तापलेल्या नळीमुळे वाटेत आसनाने पेट घेतला.

१८८६ मध्ये तोच धागा पकडून त्यांनी घोडागाडीला आणि नेकार नदीतील नौकेला इंजिन बसविले. दुचाकी मागे पडली ती पडलीच. विक्रीसाठी मोटारसायकली सर्वप्रथम मोठ्या संख्येने बनविल्या त्या म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी, १८९४ मध्ये.

ते वर्ष डेमलर यांना फार कठीण गेले. १८९० मध्ये कंपनी काढताना त्यांनी भांडवलदार सोबत घेतले होते. त्यांना रस होता कारखान्यांत बसवायच्या इंजिनांत, मोटारगाड्यांत नव्हे. मायबाख आधीच बाहेर पडले होते. आता स्वतः डेमलर यांनाही समभाग सोडून देणे भाग पडले. त्याच जुलैमध्ये पॅरिस-रुआँ स्पर्धेचे पहिले पारितोषिक ज्या दोन फ्रेंच कंपन्यांना विभागून मिळाले, त्या दोघींच्या गाड्यांत डेमलर यांचेच तंत्र होते. पुढच्याच वर्षी इंग्रज उद्योजकांनी परवान्यासाठी साडेतीन लाख मार्क देऊ केले. अट एकच, डेमलर यांना परत घ्यावे. कंपनीने मुकाट्याने दोघांनाही परत बोलावले.

हृदयविकाराने खंगलेल्या डेमलर यांचे ६ मार्च १९०० रोजी निधन झाले. पुण्याजवळच्या चाकणमध्येही आज जिची जुळणी होते, त्या मर्सिडीजचा पहिला अवतार मायबाख यांनी त्याच वर्षाअखेरीस घडविला. तो पाहणे डेमलर यांच्या नशिबी नव्हते. मूळ लाकडी दुचाकी १९०३ मध्ये कान्श्टाटच्या कारखान्याला लागलेल्या आगीत जळून गेली. संग्रहालयांत दिसतात त्या तिच्या प्रतिकृती.