पोस्टकार्डावर घडलेला बुद्धिबळपटू, जगज्जेता होता होता राहिला! कोण होता पॉल केरेस?

आज मोबाईलवर पाच मिनिटांत डाव संपतो. एस्टोनियाच्या पॉल केरेसचा एकेक डाव महिनोन्महिने चालायचा, तोही पोस्टाने!

१९१६ मध्ये जन्मलेला पॉल पार्नू या छोट्या शहरात वाढला. तिथे तोडीचे खेळाडू फारसे नव्हते. मग त्याने पत्रातून खेळाडू गाठले. कार्डावर चाल लिहून पाठवायची आणि उत्तराची वाट बघायची. एका वेळी त्याचे तब्बल १५० डाव सुरू असायचे.

याचा फायदा काय? फ्रेंच बचावात काळी प्यादी पटाच्या मधोमध भिंत उभी करतात. ती घाईत फुटत नाही. पण पत्रातल्या डावात एका चालीवर कित्येक दिवस डोकं लावता येतं. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना केरेसने हा बचावही भेदला.

१९३८ मध्ये नेदरलँड्समधल्या ॲव्हरो स्पर्धेत तो रूबेन फाइनसह पहिला आला. आता जगज्जेत्या अलेखाइनशी सामना होणार, असं वाटत असतानाच महायुद्ध पेटलं. पुढे १९५३ ते १९६२ दरम्यान आव्हानवीर ठरवणाऱ्या चार स्पर्धांत तो लागोपाठ दुसरा आला.

१९७५ मध्ये तो गेला. जगज्जेतेपदासाठीचा एकास एक सामना त्याला कधीच मिळाला नाही. पण एस्टोनियाने पाच क्रूनच्या नोटेवर त्याचाच चेहरा छापला.