व्हॅन शिप्ले: आठ तारांच्या गिटारचा धनी

जुन्या इलेक्ट्रिक गिटारची किंमत ती आधी कोणाकोणाकडे होती यावरून वाढते. व्हॅन शिप्ले यांची गिटार मात्र मुळात त्यांच्याच हातासाठी घडली. लखनऊचा हा तरुण हिंदुस्थानी संगीत शिकला आणि पुढे मुंबईच्या सिनेसृष्टीत आला. नेहमीच्या गिटारला सहा तारा असतात. शिप्ले यांनी आठ तारांची गिटार स्वतः आखली. हवाईयन पद्धतीची, म्हणजे आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची. मींड निघते ती त्यामुळेच.

त्या काळी सिनेमातल्या वादकांची नावे सहसा कुठे छापून येत नसत. शिप्ले यांचे नाव मात्र एचएमव्हीच्या तबकड्यांवर झळकले. गायकाविना सिनेगीते! जोडीला बहुधा एनॉक डॅनियल्स यांचे अकॉर्डियन. शिप्ले २००८ मध्ये वारले.