विश्लेषण : एका आजाराचे कोडे, २२ वर्षांचा शोध, कोण होते हार्वे कुशिंग?

चेहरा गोल गरगरीत, पोट सुटलेले पण हातपाय बारीक, पोटावर जांभळट वळ, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातील साखर. ही लक्षणे एकत्र दिसली की डॉक्टरांच्या मनात पहिली शंका येते ती ‘कुशिंग सिंड्रोम’ची. हे नाव ज्यांच्यावरून पडले, ते अमेरिकी शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग मेंदूवरील आधुनिक शस्त्रक्रियेचे जनक मानले जातात. त्यांनी मेंदूतील २ हजारांहून अधिक गाठींवर शस्त्रक्रिया केल्या. पण १९१० मध्ये त्यांच्याकडे आलेल्या एका तरुणीच्या आजाराचा उलगडा करायला त्यांना १९३२ साल उजाडले.

सुरुवात कशी झाली?

कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील, आजोबा आणि पणजोबा तिघेही डॉक्टर. येल विद्यापीठातून पदवी घेऊन ते हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. त्या काळी भूल देण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवले जाई. कुशिंग ईथर देत असलेला एक रुग्ण शस्त्रक्रियेदरम्यान दगावला. या प्रसंगाने ते इतके हादरले की वैद्यकीय शिक्षण सोडण्याचा विचार त्यांच्या मनात आला. पुढे त्यांनी सहाध्यायी अर्नेस्ट कॉडमन यांच्यासह भूल दिलेल्या रुग्णाची नाडी आणि श्वास ठरावीक अंतराने कागदावर नोंदवण्याची पद्धत सुरू केली. आज जगभरातील शस्त्रक्रियागृहांत भरला जाणारा भुलीचा तक्ता याच नोंदींतून विकसित झाला. १९०१ मध्ये इटलीतील पाव्हिया येथे त्यांनी रक्तदाब मोजण्याचे साधन पाहिले आणि ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आणले. मोजायचे, लिहून ठेवायचे आणि जुन्या नोंदी पुन्हा काढून पाहायच्या, ही सवय त्यांना आयुष्यभर राहिली.

पीयूषिका ग्रंथीकडे ते कसे वळले?

पीयूषिका, म्हणजेच पिट्युटरी ग्रंथी, साधारण वाटाण्याएवढी असते. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे हाडाच्या खोबणीत ती बसलेली असते. वाढ, प्रजनन, थायरॉइडचे काम आणि मूत्रपिंडांवर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथींचे काम यांवर तिच्या संप्रेरकांचे नियंत्रण असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यातले फारसे काही माहीत नव्हते. हातपाय, जबडा आणि नाक बेसुमार वाढण्याच्या विकाराला फ्रेंच डॉक्टर पिएर मारी यांनी १८८६ मध्ये ॲक्रोमेगली हे नाव दिले होते. मात्र अशा रुग्णांतील ग्रंथी जास्त काम करते की बंद पडते, यावर एकमत नव्हते.

कुशिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांमधील ही ग्रंथी काढून परिणाम तपासले. ग्रंथीचा काही भाग काढलेल्या पिल्लांची वाढ खुंटली, ती लठ्ठ झाली आणि त्यांच्या जननेंद्रियांचा विकास थांबला. मार्च १९०९ मध्ये कुशिंग यांनी ॲक्रोमेगली झालेल्या एका शेतकऱ्याच्या पीयूषिकेचा काही भाग काढला. त्याची डोकेदुखी कमी झाली आणि सूजही उतरली. ग्रंथीचा भाग काढल्यावर आजार ओसरत असेल, तर दोष ग्रंथीच्या अतिरेकी कामात असला पाहिजे, हे त्यांनी ताडले. १९१२ मधील पीयूषिकेच्या विकारांवरील त्यांच्या ग्रंथात ग्रंथीचे अतिकार्य आणि अल्पकार्य अशी विकारांची मांडणी आहे.

ती तरुणी कोण आणि कोडे काय होते?

डिसेंबर १९१० मध्ये २३ वर्षांची एक तरुणी बाल्टिमोरला आली. चेहरा आणि धड स्थूल, अंगावर केसांची वाढ, मासिक पाळी बंद, त्वचेवर जांभळे वळ आणि कमालीचा अशक्तपणा, अशी तिची अवस्था होती. ॲक्रोमेगलीच्या अनेक रुग्णांमध्ये गाठीमुळे कवटीतील खोबण रुंद होते आणि ते क्ष-किरण चित्रात दिसते. इथे तसा धागा नव्हता. १९१२ च्या ग्रंथात कुशिंग यांनी तिची नोंद अनेक ग्रंथी बिघडल्याचा विकार म्हणून केली. मूळ दोष पीयूषिकेत, ॲड्रिनलमध्ये की अंडाशयात, हा प्रश्न त्यांनी मोकळा ठेवला.

नाकावाटे शस्त्रक्रिया त्यांनी का सोडली?

पीयूषिकेपर्यंत नाकामागून जाणारी शस्त्रक्रिया ऑस्ट्रियातील हेरमान श्लोफर यांनी १९०७ मध्ये केली होती. कुशिंग यांनी वरच्या ओठाखाली छेद घेऊन तिथून नाकामागे जाण्याची पद्धत रूढ केली. १९१० ते १९२५ या काळात त्यांनी अशा २३१ शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांतील मृत्युदर ५.६ टक्के होता. प्रतिजैविके नसलेल्या काळात हे मोठे यश होते. तरीही अंधाऱ्या, अरुंद वाटेने वरच्या भागात पसरलेली गाठ नीट दिसत नसे. कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियांचे निकाल जसे सुधारले, तसे ते त्या मार्गाकडे वळले. त्यांचा दबदबा एवढा होता की इतरांनीही नाकावाटे जाणे जवळपास सोडून दिले.

रुग्णांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी कशी होती?

पीयूषिकेच्या रुग्णांना त्या काळी उपचारांपेक्षा कुचेष्टाच जास्त मिळे. ॲक्रोमेगलीने चेहरा बदललेल्या मेरी ॲन बेव्हन या इंग्लंडमधील विधवा परिचारिकेने चार मुलांच्या पोटासाठी अमेरिकेतील सर्कशीत जगातील सर्वांत कुरूप स्त्री म्हणून उभे राहणे पत्करले होते. १९२७ मध्ये टाइम साप्ताहिकाने तिची थट्टा केली, तेव्हा कुशिंग यांनी संपादकांना पत्र लिहून निषेध नोंदवला. ही स्त्री एका क्लेशदायक आजाराने ग्रासलेली आहे आणि आजारपण हसण्यावारी नेण्याचा विषय नाही, असा त्याचा आशय होता.

पण त्यांची दुसरी बाजूही होती. एका महाकाय पुरुषाच्या मृत्यूनंतर त्याची ग्रंथी तपासता यावी म्हणून त्यांच्या सहकाऱ्यांनी अंत्यविधी करणाऱ्याला पैसे चारले होते. आजच्या संमतीच्या निकषांवर असे वर्तन मुळीच टिकणार नाही. शस्त्रक्रियागृहातही ते कठोर आणि चटकन संतापणारे म्हणून ओळखले जात. जून १९२६ मध्ये थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात गेल्याची बातमी आली, त्या दिवशीही त्यांनी ठरलेली शस्त्रक्रिया पार पाडली. त्याच वर्षी विल्यम ऑस्लर यांच्या चरित्रासाठी त्यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला.

१९३२ मध्ये काय हाती लागले?

मधल्या काळात अशाच लक्षणांच्या रुग्णांची वर्णने इतर डॉक्टरांनीही प्रसिद्ध केली होती. त्यांतील काहींच्या शवविच्छेदनात पीयूषिकेत अगदी बारीक गाठी सापडल्या होत्या. कुशिंग यांनी जुन्या नोंदी पुन्हा काढल्या. आपले आणि इतरांचे मिळून १२ रुग्ण त्यांनी शेजारी शेजारी मांडले. त्यांत १९१० ची तरुणीही होती. पीयूषिकेतील बेसोफिल नावाच्या पेशींची गाठ हे या विकाराचे मूळ असावे, असा निष्कर्ष त्यांनी १९३२ मध्ये मांडला. गाठ इतकी लहान होती की खोबण रुंद होण्याचा प्रश्नच नव्हता.

ते कुठे चुकले?

ही ग्रंथी पूर्ण काढल्यास प्राणी जगूच शकत नाही, असे कुत्र्यांवरील प्रयोगांवरून त्यांना वाटले होते. शेजारच्या मेंदूला धक्का न लावता ग्रंथी काढलेले उंदीर जगतात, हे फिलिप स्मिथ यांनी १९२० च्या दशकात दाखवले. तसेच ही लक्षणे दिसणाऱ्या प्रत्येकाच्या पीयूषिकेत गाठ नसते. काहींमध्ये दोष ॲड्रिनल ग्रंथीतच असतो. म्हणून आज पीयूषिकेतील गाठीमुळे होणाऱ्या विकाराला ‘कुशिंग डिसीज’, तर कोणत्याही कारणाने दीर्घकाळ वाढलेल्या कॉर्टिसॉलच्या परिणामांना ‘कुशिंग सिंड्रोम’ म्हणतात.

त्यांच्यानंतर उपचार कसे बदलले?

७ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यू हेवन येथे हृदयविकाराने कुशिंग यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्याच मेंदूत एक छोटी, निरुपद्रवी गाठ आढळली. त्यांनी सोडलेली नाकामागची वाट त्यांचे स्कॉटिश शिष्य नॉर्मन डॉट यांनी जिवंत ठेवली. डॉट यांच्याकडून ती फ्रान्सच्या जेरार गियो यांनी आणि गियो यांच्याकडून कॅनडाच्या ज्यूल्स हार्डी यांनी उचलली. हार्डी यांनी १९६० च्या दशकात सूक्ष्मदर्शक वापरून, निरोगी ग्रंथी राखून काही मिलिमीटरची गाठ तेवढी काढून दाखवली. आज कुशिंग डिसीजवर हाच पहिला उपचार मानला जातो आणि तो बहुधा दुर्बिणीतून होतो.

या विकाराचे सर्वाधिक आढळणारे कारण मात्र गाठ नसून औषध आहे. दमा, सांधेदुखी किंवा त्वचाविकारांसाठी दिलेली स्टिरॉइड औषधे दीर्घकाळ, जास्त मात्रेत घेतल्यास हीच लक्षणे दिसतात. अशा वेळी गोळ्या एकदम थांबवणे धोक्याचे असते, कारण शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल तोवर मंदावलेले असते. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते. त्यामुळे चेहरा अचानक गोल झाला, जांभळे वळ दिसले किंवा जिना चढताना मांड्यांतील ताकद गेल्यासारखी वाटली, तर आधी कोणती औषधे किती दिवस घेतली याची यादी डॉक्टरांपुढे ठेवणे आवश्यक असते.