मठाच्या मळ्यातील वाटाणे



शाळेत आनुवंशिकता शिकताना आपली मुले मेंडेल हे नाव पाठ करतात. ते कॅथलिक धर्मगुरू होते, हे मात्र आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

योहान मेंडेल यांचा जन्म १८२२ साली, आजच्या चेक प्रजासत्ताकातील एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. वडील झाडाच्या ओंडक्याखाली सापडून जायबंदी झाले आणि शिक्षण थांबण्याची वेळ आली. तेव्हा धाकटी बहीण थेरेझिया हिने आपल्या हुंड्यातील वाटा भावाला दिला. १८४३ मध्ये ते ब्रनो येथील संत थॉमस यांच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाले व ग्रेगोर हे नाव घेतले. १८४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

आजाऱ्यांचे हाल पाहून ते स्वतःच आजारी पडत. म्हणून मठाधिपतींनी त्यांना शिकवण्याचे काम दिले. १८५० मध्ये शिक्षकाच्या परीक्षेत ते नापास झाले. तरीही मठाने त्यांना व्हिएन्नाला शिकायला पाठवले.

परतल्यावर १८५६ पासून आठ वर्षे त्यांनी मठाच्या बागेत वाटाणे लावले. वाटाण्याचे फूल आपल्याच परागांनी फळते. म्हणून फादर कळीतील पुंकेसर आधीच काढीत, दुसऱ्या झाडाचे पराग लावीत व फूल झाकून ठेवीत. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकरातून आधी सगळे दाणे गोलच आले. पुढच्या पिढीत मात्र ७,३२४ दाण्यांपैकी १,८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे चारात सुमारे एक. तो गुण पुसला गेला नव्हता, दडून राहिला होता.

१८६५ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष वाचून दाखवले, १८६६ मध्ये ते छापले; पण त्यांचे मोल फारसे कोणी जाणले नाही. पुढे दुसऱ्या एका रानफुलावर प्रयोग केले, तर तिथे नियम जुळेना. ते झाड बहुधा परागाविनाच बी धरते, हे तेव्हा माहीत नव्हते. १८६८ मध्ये ते मठाधिपती झाले आणि सरकारशी कराच्या वादात अखेरची वर्षे गेली.

६ जानेवारी १८८४, तीन राजांच्या सणादिवशी ते देवाघरी गेले. १९०० साली तीन शास्त्रज्ञ आपापल्या प्रयोगांतून त्याच नियमापाशी पोहोचले, तेव्हा जगाला त्यांचे नाव कळले.

बहिणीचे ऋण मात्र त्यांनी हयातीतच फेडले. तिच्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावला. आपल्या घरातही कोणाच्या त्यागावर कोणी शिकले असेल. त्या थेरेझियाची आज आपण आठवण ठेवूया.