पंधरा रुपयांचा जमाखर्च

महिना १५ रुपये. कोल्हापूरजवळच्या कागल जहागिरीत नुकत्याच नोकरीला लागलेल्या अठरा वर्षांच्या गोविंदराव गोखले यांचा हा पगार. वडील १८७९ मध्ये वारलेले, शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागलेले आणि घरचा सारा भार अंगावर आलेला. या पंधरा रुपयांपैकी ८ रुपये दरमहा कोल्हापूरला जात. तेथे त्यांचा धाकटा भाऊ गोपाळ शिकत होता. उरलेल्या ७ रुपयांत बाकीचे घर चालवायचे. मिळकतीचा निम्म्याहून अधिक भाग एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलावर आणि राहिलेल्यात सारे कुटुंब, हा जमाखर्च कोणाही व्यवहारी माणसाने वेडेपणाचा ठरवला असता.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची ओळख आपल्याला शाळेच्या पुस्तकातून होते ती महात्मा गांधींचे राजकीय गुरू, नेमस्तांचे पुढारी, भारत सेवक समाजाचे संस्थापक अशी. ती खोटी नाही. पण ज्या कामामुळे त्यांचे नाव प्रथम देशभर झाले, ते काम होते सरकारी अंदाजपत्रकाची चिकित्सा. या कामाची उमेदवारी त्यांनी कुठल्या विद्यापीठात केली नव्हती. ती कागल आणि कोल्हापूर यांच्यामध्ये विभागलेल्या त्या पंधरा रुपयांत झाली होती.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागलला नोकरीला होते. कारकुनीतून चढत ते फौजदार झाले. घर खाऊनपिऊन सुखी म्हणावे इतपतच. दोन मुलगे, चार मुली. शिल्लक अशी काही नव्हतीच, त्यामुळे कर्ता पुरुष जाताच घराचा डोलारा एका दिवसात खाली आला. चुलते अंताजीपंत यांनी कुटुंबाला ताम्हणमळा या गावी आपल्याकडे नेले. काही काळाने गोविंदरावांना कागलात नोकरी लागली आणि गोपाळला शिकवायचेच, असा त्यांनी निश्चय केला.

आठ रुपयांत कोल्हापूरला राहणे अशक्य नव्हते, पण त्यात चुकीला जागा नव्हती. ८ रुपये म्हणजे १२८ आणे. दिवसाला पुरते साडेचार आणेही पडत नाहीत. त्यातच जेवणखाण, शाळेची फी, पुस्तके आणि दिव्याचे तेल. गोपाळ स्वतःच्या हाताने स्वयंपाक करी आणि कधी कधी एका वेळेवर भागवी. याच काळातली ती गोष्ट चरित्रकारांनी आवर्जून सांगितली आहे. एका वर्गमित्राने त्याला नाटकाला नेले. मित्राने आपणहून बोलावले, तेव्हा तिकीट त्याच्याकडूनच, अशी गोपाळची भाबडी समजूत. काही दिवसांनी मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळने वाद घातला नाही, पैसे दिले. ती तूट भरून काढण्यासाठी त्याने दिव्याचे तेल विकत घेणे थांबवले आणि रात्रीचा अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखाली सुरू केला.

रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास केल्याची कथा इतक्या थोरामोठ्यांच्या नावावर जमा आहे की आजचा वाचक ती ऐकून सावध होतो. पण या कथेत महत्त्वाचा दिवा नव्हे, दोन आणे आहेत. दोन आणे ही त्याच्या जवळजवळ अर्ध्या दिवसाच्या खर्चाची रक्कम होती. ती कोठून तरी काढायची, तर पोटातून किंवा तेलातून. गरिबीत पैसे कमी असतात हे सगळ्यांना कळते. गरिबीत एका खर्चाचे पाऊल दुसऱ्या खर्चाच्या मानेवर पडते, हे त्या घरात राहिल्याशिवाय कळत नाही. शिवाय मित्राला नाही म्हणण्याची लाज, ही आणखी एक गोष्ट. गोखल्यांचा स्वभाव पुढे अतिशय हळवा, कोणाचा एक शब्दही मनाला लावून घेणारा झाला. त्याची मुळे थोडीफार इथेच असावीत, असे मला वाटते.

१८८१ मध्ये गोपाळ मॅट्रिक झाला. आता आपणही नोकरी धरावी आणि भावाचा भार हलका करावा, असे त्याच्या मनाने घेतले. सर्वसाधारण घरात हा विचार शहाणपणाचाच ठरला असता. गोविंदरावांनी तो मोडून काढला. त्यांच्या पत्नीने पुढील शिक्षणासाठी अंगावरचे दागिने देऊ केले. या वहिनींविषयी चरित्रांत दोन-चार ओळींपलीकडे काही सापडत नाही. सात रुपयांत घर चालवून वर दागिनेही पुढे करणाऱ्या बाईच्या वाट्याला याहून अधिक जागा यायला हवी होती.

राजाराम कॉलेज, काही काळ डेक्कन कॉलेज आणि शेवटी मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करीत १८८४ मध्ये गोखले बी.ए. झाले, तेव्हा त्यांचे वय अठरा होते. अखेरच्या काळात २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाल्याने कागलच्या पैशांचा ताण थोडा सैल झाला.

आता घरच्यांनी सुखाचे दिवस पाहायचे, ही अपेक्षा रास्त होती. त्या काळी अठराव्या वर्षी पदवीधर झालेल्या मुलाला सरकारी नोकरीची दारे उघडी असत. वकिली केली तर मग पाहायलाच नको. गोखले पुण्याला न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर शिक्षक झाले. सोबत शिकवण्या केल्या, कायद्याच्या वर्गालाही नाव घातले. इथवर सारे ठीक होते. पण टिळक आणि आगरकर यांच्या सहवासात हा तरुण डेक्कन एज्युकेशन सोसायटीकडे ओढला गेला आणि १८८६ मध्ये तिचा आजीव सदस्य झाला. म्हणजे वीस वर्षांची बांधिलकी आणि महिना ७५ रुपये. पंधरांच्या मानाने ही रक्कम मोठी. पण वकिलीत जे मिळू शकले असते, त्याच्या मानाने काहीच नाही. ज्या भावाने शिक्षण सोडून आपल्याला शिकवले, त्यालाच जाऊन आता श्रीमंतीची आशा सोड असे सांगायचे होते. गोविंदरावांना ते जड गेले असणारच. तरी त्यांनी संमती दिली. गोखल्यांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड हिशेब हा होता आणि तो आकड्यांत सुटणारा नव्हता.

पगार आणि बाहेरची कमाई या प्रश्नावर सोसायटीतच पुढे मोठे वादळ झाले, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. सदस्यांनी सारा वेळ आणि सारी शक्ती संस्थेलाच द्यावी, असा टिळकांचा आग्रह. संसार चालवायचा तर ठरलेले काम आटोपून उरलेल्या वेळात माणसाने काय करावे हा त्याचा प्रश्न, असे आगरकर-गोखल्यांचे म्हणणे. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, तेव्हा ठिणगी पडली आणि टिळक बाहेर पडले. तत्त्वाच्या बाजूने टिळक अधिक स्वच्छ दिसतात. पण त्या भांडणाच्या मुळाशी पंच्याहत्तर रुपयांत संसार करणाऱ्या माणसांची महिनाअखेरही होती, हे विसरले जाते.

याच सुमारास न्यायमूर्ती रानडे यांनी गोखल्यांना हाताशी घेतले. सरकारी अहवाल, शेतसाऱ्याचे तक्ते, आयात-निर्यातीचे आकडे वाचायचे, त्यावरून अर्ज तयार करायचा आणि रानड्यांकडून तो दुरुस्त करून घ्यायचा, अशी ही शिकवणी रानडे १९०१ मध्ये निवर्तले तोवर सुरू होती. आकड्यांच्या शेतात घाम गाळणारे दुसरे गुरुजन म्हणजे सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी. व्यवसायाने शिक्षक असलेल्या या गृहस्थांइतका सरकारी अर्थव्यवहाराचा अभ्यास त्या वेळी देशात फार थोड्यांचा होता. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या गोखल्यांना हे सारे रुचले यात नवल नाही. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पुढे अनेक वर्षे शाळांतून चालले आणि त्याच्या उत्पन्नाने त्यांच्या संसाराला मोठा हातभार लागला.

२६ मार्च १९०२. कलकत्ता. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावरची चर्चा. अर्थखाते सांभाळणारे सर एडवर्ड लॉ यांनी सुमारे ७ कोटी रुपयांची शिल्लक दाखवली होती. शिलकी अंदाजपत्रक म्हटले की अभिनंदन करायचे, हा सभागृहाचा रिवाज. पस्तीस वर्षांचे गोखले तेथे नवखे सदस्य. त्यांनी अभिनंदनात सामील होण्यास नकार दिला.

त्यांचा मुद्दा घरच्या भाषेत सांगता येतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ, वर प्लेग. अशा वर्षांत माणसे मरत असताना सरकारच्या तिजोरीत पैसा उरतो कसा? तो वाढलेल्या उत्पन्नातून नव्हे, तर गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याने उरतो, हे गोखल्यांनी दाखवून दिले. रुपयाचा भाव घसरून १३ पेन्सांच्या आसपास आला होता, तेव्हा विलायतेला पाठवायच्या रकमेसाठी जास्त रुपये लागत. त्या नावाखाली कर वाढवले गेले. १८९३ मध्ये टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या, रुपया कृत्रिमरीत्या चढून १६ पेन्सांवर आला, सरकारची अडचण संपली. पण वाढवलेले कर तसेच राहिले. घरात आजारपणासाठी म्हणून सगळ्यांचे दूध बंद करावे आणि आजारी माणूस बरा झाल्यावरही ते सुरू करू नये, त्यातलाच हा प्रकार.

त्यांनी सर्वांत जास्त जोर दिला तो मिठावर. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये झाला होता. मणाचे शेर चाळीस आणि अडीच रुपयांचे आणेही चाळीस. म्हणजे शेरामागे सरळ एक आणा कर. श्रीमंताला तो दिसतही नाही. ज्याच्या घरी भाकरीबरोबर मीठ-मिरचीच असते, त्याला मात्र तो रोज चावतो. लोकसंख्येच्या मानाने मिठाचा खप वाढत नाही, याचा अर्थ लोक मीठ कमी खात आहेत, हे गोखल्यांनी सरकारच्याच तक्त्यांतून काढून सरकारपुढे ठेवले. दोन आण्यांसाठी दिव्याचे तेल बंद केलेल्या माणसाला, आणा कोठून कापला जातो हे कोणी शिकवायला नको होते.

पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठाचा कर २ रुपयांवर आला आणि प्राप्तिकरातून सूट मिळण्याची वार्षिक मर्यादा ५०० वरून १००० रुपये झाली. या मर्यादेचा फायदा कोणाला झाला, तर कारकून, शिक्षक, छोटे दुकानदार यांना. गोविंदरावांसारख्या पगारदारांच्याच जातकुळीच्या लोकांना. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया, १९०७ मध्ये १ रुपया झाला. याचे सारे श्रेय एकट्या गोखल्यांचे म्हणता येणार नाही. काँग्रेसचे ठराव कित्येक वर्षांचे होते. पण दर मार्चमध्ये नवे आकडे घेऊन उभा राहणारा माणूस एकच होता आणि अर्थखात्यातले अधिकारी त्याच्या भाषणाची तयारी करून येऊ लागले होते.

१९०२ मध्येच गोखले फर्ग्युसनमधून निवृत्त झाले, महिना ३० रुपयांच्या निवृत्तिवेतनावर. पत्नी लवकर निवर्तल्या होत्या, घरी दोन मुली होत्या. पुढे गोविंदराव गेले, तेव्हा त्यांच्या कुटुंबाकडेही गोखल्यांनाच पाहावे लागले. १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच्या सभासदांनाही पोटापुरते वेतन आणि स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही अशी शपथ. १९११ मध्ये प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचे विधेयक त्यांनी मांडले. पुढील वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९१४ मध्ये सरकारने देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला.

मधुमेहाने शरीर पोखरले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गोखले गेले. महायुद्धाचा खर्च वाढत होता. १९१६ च्या अंदाजपत्रकात सरकारने मिठावरचा कर पुन्हा मणामागे सव्वा रुपया केला.